तुटपुंज्या साधनांच्या संस्था: एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या बाजारपेठेच्या गावात एखादे शेतकरी कुटुंब सहज सात-आठ संस्थांशी बांधलेले असते. पीककर्जासाठी विविध कार्यकारी सोसायटी, माल विकायला बाजार समिती, घरातल्या बाईचा बचत गट आणि त्याच्यावरचा ग्रामसंघ, मुलांच्या शाळेची व्यवस्थापन समिती, एखादी पतसंस्था, अलीकडच्या काळात शेतकरी उत्पादक कंपनी. शिवाय वाचनालय, भजनी मंडळ, मंदिराचा किंवा विहाराचा ट्रस्ट, गणेश मंडळ. बाजार समितीसारख्या एक-दोन सोडल्या, तर यांतल्या बहुतेकींना स्वतःचे कार्यालय नसते. पगारी माणूस असलाच तर अर्धवेळ असतो. या संस्था कुणाच्या तरी संध्याकाळवर चालतात. शेतातून आल्यावर, शाळा सुटल्यावर, दुकान बंद केल्यावर उरलेला तास-दीड तास हेच त्यांचे खरे भांडवल.

अशा संस्था कशा टिकतात, कशा सुधारतात, वाढायच्या असतील तर कशा वाढतात आणि बाहेरच्या माणसाला त्यांना नेमकी कोणती मदत करता येते, हा आपला विषय. त्याला संस्थाविकास म्हणा, संस्थाबांधणी म्हणा. व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके कारखान्यांवर आणि बँकांवर लिहिली जातात. सरकारी योजनांचे अहवाल लाभार्थी मोजतात. या दोहोंच्या मधली पाच-पंधरा माणसांची संस्था मात्र अभ्यासाच्या नजरेतून निसटते, आणि गावातले जवळजवळ प्रत्येक सामूहिक काम तिच्याच खांद्यावर असते. समाजकार्याची पदवी घेणारा विद्यार्थी, गटांच्या बैठका घेत गावोगाव फिरणारी सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई, निवृत्तीनंतर वाचनालयाचे काम अंगावर घेतलेले गुरुजी, छोट्या संस्थांचे ऑडिट करणारा तालुक्याचा लेखापरीक्षक, कंपनीच्या संचालक मंडळावर बसलेला तरुण शेतकरी: या सगळ्यांना मी या विषयात मनापासून बोलावतो. इथे प्रवेशासाठी पदवी लागत नाही. दुसऱ्याची वही धीराने वाचता यावी लागते.

पहिल्यांदा येणाऱ्याच्या मनात एक गृहीत असते, की या संस्थांची अडचण म्हणजे पैसा. पैशाची अडचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण मी जितक्या संस्था जवळून पाहिल्या, तितके माझे मत पक्के होत गेले, की त्यांची वाढ पैशाच्या आधी माणसांपाशी अडते. त्यातही संस्थेचे काम आतून समजलेली माणसे किती आहेत, यापाशी. एडिथ पेनरोज या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९५९ साली कंपन्यांच्या वाढीवर लिहिलेल्या ग्रंथात हाच विचार मोठ्या उद्योगांच्या संदर्भात मांडला आहे. भांडवल बाहेरून आणता येते, नवी माणसेही आणता येतात; पण नव्या माणसाला संस्था कळायला वेळ लागतो आणि ती कळवून देण्यात जुन्यांचा वेळ जातो. म्हणून जुनी माणसे जेवढी, तेवढाच वाढीचा वेग. पेनरोजबाईंच्या डोळ्यांसमोर पाश्चात्त्य कंपन्या होत्या, पण त्यांचे म्हणणे बचत गटाला लावून पाहिले की ते जास्तच लख्ख दिसते.

बचत गट म्हणजे १० ते २० बायका. नाबार्डने १९९२ साली गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला. आज महिला आर्थिक विकास महामंडळ आणि 'उमेद' हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांच्यामुळे तो राज्यभर गावोगावी पोचला आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत दप्तर ही पंचसूत्री गटातल्या बाईला तोंडपाठ असते. पहिली चार सूत्रे सगळ्यांची मिळून आहेत. पाचवे, दप्तराचे, बहुतेक ठिकाणी एकटीच्या वाट्याला येते. इतिवृत्ताची वही, रोखकिर्द, बचतीची आणि कर्जाची खतावणी, प्रत्येकीचे पासबुक हे सगळे दहावी-बारावी झालेली कुणाची तरी सून लिहिते. बैठक संपते, बायका उठतात. ती दिव्याखाली बसून बेरजा जुळवते. मग ती बाळंतपणाला माहेरी जाते, किंवा नवऱ्याच्या नोकरीपायी चाकणला राहायला जाते. पुढच्या बैठकीचा हिशेब चिठ्ठीवर होतो, त्याच्या पुढचा तोंडी. तीन महिन्यांनी आकडे जुळत नाहीत. कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला यावरून शब्दाला शब्द लागतो आणि गट फुटतो. गावात म्हणतात, पैशावरून फुटला. पैसा त्यात अगदी शेवटी येतो. त्याच्या आधी लिहिणारी एकटी पडलेली असते.

आता याच गटाला फिरता निधी मिळाला, पाठोपाठ बँकेचे कर्ज मिळाले असे समजा. उलाढाल हजारांवरून लाखांवर जाते. लिहिणारी तीच, दिवा तोच, वेळ तोच. मदत करणाऱ्याच्या अहवालात गटाची प्रगती झालेली असते. प्रत्यक्षात त्याच्यावर पेलवणार नाही एवढे ओझे चढलेले असते. म्हणून माझा आग्रह असा, की कोणत्याही संस्थेत पहिल्यांदा गेल्यावर शिल्लक विचारू नये. मागच्या तीन वर्षांच्या वह्या मागाव्यात आणि त्यांत किती जणांची हस्ताक्षरे आहेत ते पाहावे. सगळीकडे एकच अक्षर असेल, तर संस्थेकडे कितीही पैसे असोत, ती एका आजारपणाच्या अंतरावर उभी आहे. दोन अक्षरे दिसली तर तिथे काम करायला जागा आहे. तीन दिसली तर त्या संस्थेकडून आपणच काही शिकावे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे वळले की हेच चित्र मोठ्या कागदावर दिसते. या परिसरातली काळी कसदार जमीन, सोयाबीन, कापूस, तूर, हळद, थोडा ऊस. माल पिकवायला माणूस कमी पडत नाही, विकताना एकटा पडतो. केंद्र सरकारने २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करण्याची योजना आणली. सपाटीच्या भागात किमान ३०० सभासद, तीन वर्षांत व्यवस्थापन खर्चासाठी १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य, शिवाय सभासदांच्या भागभांडवलाला जोड म्हणून १५ लाखांपर्यंत अनुदान, अशी तिची ढोबळ रचना. हेतू चांगला आहे आणि रक्कम लहान नाही. प्रश्न चौथ्या वर्षाचा आहे. व्यवस्थापकाचा पगार योजनेतून येत होता तोवर कंपनीचे काम त्याच्या डोक्यात आणि त्याच्या लॅपटॉपमध्ये होते. तो गेला की संचालकांना आपल्याच कंपनीचे जीएसटी विवरणपत्र कुणी भरायचे, हे शोधत फिरावे लागते.

याउलट फार थोड्या खर्चात मोठा फरक पडल्याची एक जागा दाखवतो. सोयाबीनच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. हमीभाव खरेदीसाठी केंद्राने २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, कारण काढणीच्या वेळी पाऊस झालेला माल बारावर बसणे कठीण. शेतकरी माल भरून आणतो, काट्यावर कुणीतरी मूठभर दाणे हातात घेऊन, दाताखाली एक चावून, भाव पाडते, आणि त्यावर वाद घालायला त्याच्याकडे काही नसते. कंपनीने ओलावा मोजायचे एक साधे यंत्र घेतले आणि माल गाडीत भरण्याआधी सभासदाच्या खळ्यावरच मोजून द्यायला सुरुवात केली, तर तीन गोष्टी होतात. शेतकऱ्याला दोन दिवस ताडपत्रीवर माल वाळवायचा की आज न्यायचा, हे ठरवता येते. कंपनीच्या खरेदीत वाद कमी होतात. आणि यंत्र चालवायला शिकलेली गावातली दोन पोरे कंपनीचे काम आतून ओळखू लागतात. गोदाम उभे करायला जेवढा काळ जातो, तेवढ्यात असे तीन हंगाम होऊन जातात. गोदाम नको असे मी म्हणत नाही; ते केव्हा, हा प्रश्न आहे.

हा अभ्यास नवा वाटला तरी त्याचे साहित्य महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुने आहे, आणि नव्या अभ्यासकाने ते आपलेपणाने वाचावे. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड घ्या. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारायचा, ही कल्पना. तिच्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. त्या कारखान्याचा विचार करताना लोक पैशाच्या गोष्टीवरच थांबतात. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की तिथे काचकाम शिकवले जात होते आणि तिथून शिकून गेलेल्या कारागिरांनी हा धंदा पुढे नेला. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती लिज्जतची कथा सगळ्यांना माहीत आहे. तिच्यातला छगनलाल पारेख यांचा वाटा कमी सांगितला जातो. या गृहस्थांनी बायकांना हिशेब काटेकोर ठेवायला आणि मालाचा दर्जा एकच राखायला लावले. देणगी मागायची नाही, हे त्या बायकांनी सुरुवातीलाच ठरवून टाकले होते. पीठ मळण्याचे काम केंद्रावर आणि लाटण्याचे घरोघरी, ही विभागणी एवढी सोपी होती की नवी बहीण पटकन सामील होऊ शके. वाढ शक्य झाली ती या सोपेपणामुळे.

तिसरे उदाहरण प्रवरानगरचे. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी जमवले, गावोगाव फिरून भाग गोळा केले. आणि १९५० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या त्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. पुण्याच्या गोखले संस्थेतला हा विद्वान सल्ला देऊन परत गेला नाही, जबाबदारीच्या खुर्चीत बसला. मदत करणाऱ्याने संस्थेत किती शिरावे, यावर आपल्या विषयात पुष्कळ वाद आहे. तो वाद घालण्याआधी विखे-गाडगीळ ही जोडी डोळ्यांसमोर ठेवावी.

मराठवाड्याचा इतिहास वेगळा आहे, आणि तो विसरून पश्चिम महाराष्ट्राचे नमुने इथे उतरवले की ते बसत नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. गश्ती निशान ५३ या निजामी परिपत्रकाच्या बंधनांमुळे साधी जाहीर सभा घ्यायलाही परवानगी लागे. तरीही माणसांनी खासगी शाळा काढल्या, वाचनालये काढली, गणेशोत्सवाचे मेळे काढले. निजामी राज्यातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते, १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेले. इथल्या माणसाला संस्था चालवता येत नाही, हा शेरा ज्यांना सहज सुचतो त्यांनी हा काळ वाचावा. माझा स्वतःचा तर्क असा आहे, की बंधनांच्या त्या काळात संस्था विश्वासातल्या चार माणसांच्या घरातून चालवाव्या लागल्या, आणि एका माणसाच्या भरवशावर संस्था सोपवण्याची आपली सवय काही अंशी तिथून आली असावी. हा तर्क तपासण्यासारखा आहे. जुन्या वाचनालयांच्या इतिवृत्तांत त्याचे पुरावे मिळू शकतील, आणि कुणा विद्यार्थ्याने ते काम हाती घेतले तर मला आनंद होईल.

जुन्या संस्थांचा विषय निघालाच आहे, तर एका रुक्ष वाटणाऱ्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण माझ्या अनुभवात सर्वांत मोलाची मदत याच ठिकाणी करता येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० चा आहे. त्याखाली नोंदलेल्या संस्थेत विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा देऊन गेला, की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो मंजूर झाला की परिशिष्ट एकवर, म्हणजे संस्थेच्या अधिकृत नोंदीवर, नवे नाव चढते. आता एक वाचनालय डोळ्यांसमोर आणा. नोंदणीच्या वेळचे सात विश्वस्त. चौघे वारले, एक मुलाकडे पुण्याला. बदल अर्ज एकदाही गेलेला नाही. प्रत्यक्ष काम करणारे सचिव पंधरा वर्षे राबत आहेत, पण परिशिष्ट एकवर त्यांचे नावच नाही. बँक खात्यावरच्या सह्या बदलायला प्रमाणित प्रत मागते. देणगी द्यायला तयार झालेला गावचाच माणूस आयकराच्या सवलतीचा कागद मागतो, आणि तिथेही गाडी परिशिष्ट एकवरच अडते. मग घरोघरी जाऊन मृत्यूचे दाखले मिळवायचे, जुन्या सभांच्या नोटिसा आणि ठराव शोधायचे, उशीर माफ करण्याची विनंती जोडायची आणि एकामागून एक राहिलेले अर्ज दाखल करायचे. दीड-दोन वर्षे सहज जातात. या कामाचा फोटो निघत नाही, म्हणून त्याला निधी देणारेही फार भेटत नाहीत. पण ते झाले की मोडकळीला आलेली संस्था पुन्हा कायद्याने जिवंत होते, आणि तिच्या नावावरची जागा तिचीच राहते. नव्या अभ्यासकाने भाषणे देण्याआधी एका संस्थेचे एवढे एक काम पूर्ण करून पाहावे.

मदत कशी करावी, याविषयी एडगर शाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६९ पासून सातत्याने लिहिले आहे. त्यांचा गाभ्याचा आग्रह असा, की प्रश्न संस्थेचा आहे आणि तो संस्थेचाच राहिला पाहिजे. बाहेरच्याने उत्तर आणून ठेवले की पुढचा प्रश्नही त्याच्याच दारात येतो. आपल्याकडे याची चांगली प्रयोगशाळा आहे ती महिला आर्थिक विकास महामंडळाच्या लोकसंचालित साधन केंद्रांची. २००७ पासून 'तेजस्विनी' कार्यक्रमात ही केंद्रे उभी राहिली. परिसरातल्या गटांनी मिळून एक केंद्र चालवायचे. त्याने गटांना दप्तर, लेखापरीक्षण, बँकेचे काम, प्रशिक्षण अशा सेवा द्यायच्या आणि त्याबद्दल गटांकडून शुल्क घ्यायचे. शुल्क हा शब्द ऐकून सेवाभावी माणसाला अवघडल्यासारखे होते. मला तो या रचनेचा सर्वांत चांगला भाग वाटतो. पैसे देणारी बाई प्रश्न विचारते. हिशेब उशिरा आला तर ती केंद्रात येऊन बसते. फुकट मिळालेल्या प्रशिक्षणात हा हक्क कुणी बजावलेला मी पाहिलेला नाही.

वाढीविषयीही एक गोष्ट आधीच बोलून ठेवायला हवी. प्रत्येक संस्थेने मोठे झालेच पाहिजे असे नाही. पंधरा बायकांचा गट पन्नासांचा केला, तर तो गट राहत नाही. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा हप्ता का थांबला, हे पन्नासांत कुणालाच कळत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरातल्या सामुदायिक पाण्याच्या, कुरणांच्या, मासेमारीच्या व्यवस्था तपासल्या. पुढे २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. दीर्घकाळ टिकलेल्या मोठ्या व्यवस्थांत त्यांना एक गोष्ट दिसली: लहान गट लहानच राहतात आणि त्यांच्यावर थर चढत जातात. गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ ही आपल्याकडची रचना त्याच जातीची आहे. अभ्यासकाने तपासायचे ते हे, की वरच्या थराला जे काम दिले आहे ते खालच्याला खरोखर झेपत नव्हते म्हणून दिले, की वरच्यांना हवे होते म्हणून काढून घेतले. ग्रामसंघाच्या बैठकीत गटांची कर्जे मंजूर होताना किती बोलणे होते आणि वरून आलेली परिपत्रके वाचण्यात किती वेळ जातो, हे दोन-तीन बैठका बसून पाहिले तरी पुष्कळ उलगडते.

शेवटी, सुरुवात कुठून करावी असे विचारणाऱ्यांसाठी एक काम सुचवतो. एक संस्था निवडा आणि तिची दोन वर्षे शेजारी-शेजारी मांडा: एक कागदावरचे, एक शेतातले. सहकारी संस्थेची असो वा उत्पादक कंपनीची, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ढकलली जाते. त्याच वेळी सोयाबीन काढणीला आलेले असते. सभासद शेतात, सभेला बोटांवर मोजण्याएवढी माणसे, आणि ठराव एकमताने मंजूर. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गाव सोडतात ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. गटाच्या बैठका आणि हप्ते मात्र बारा महिन्यांचे धरलेले असतात. मार्चअखेर सगळीकडून विनियोग प्रमाणपत्रांची घाई सुटते, तेव्हा घरात हरभरा आणि गहू यायचा असतो. सर्वसाधारण सभा पोळ्याच्या आधी घेतली, तर खुरपण-फवारणी उरकलेली असते आणि माणसे भेटतात. पण मग लेखापरीक्षण जुलैत हवे, त्यासाठी मागच्या वर्षाची किर्द मे महिन्यात बंद व्हायला हवी, आणि ती बंद करायला सचिवाच्या जोडीला दुसरे कुणीतरी निदान एप्रिलपासून वहीशी बसलेले हवे. तो दुसरा माणूस कोण, हे संस्थेच्या सभासदांकडूनच विचारून घ्यावे.